तक्त्यातील लाल चौकट

(ग्रामपंचायत सचिव, प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासाठी भरलेल्या संगणक प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



शाळेच्या निकालपत्रकात अनुत्तीर्ण गुणांखाली तांबड्या शाईची रेघ ओढण्याची पद्धत येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. पेढीवरचा हिशेबनीसही तुटीचा आकडा तांबड्या शाईने लिहीत असे. दोघांचा हेतू एकच होता. पानभर आकड्यांतून फिरणाऱ्या डोळ्याने नेमके कोठे थांबावे, हे त्या रेघेने सांगावे. मात्र ही रेघ ओढणारा माणूस प्रत्येक आकडा स्वतः वाचीत असे आणि कोणत्या आकड्याखाली रेघ ओढावयाची याचा निर्णयही स्वतःच करीत असे. आज हेच काम कार्यालयातील संगणक करू लागला आहे. एक्सेलमध्ये किंवा तत्सम स्प्रेडशीटमध्ये एकदा अट सांगून ठेवली की त्या अटीत बसणारी प्रत्येक चौकट आपोआप रंगते. या सोयीला तेथे कंडिशनल फॉरमॅटिंग असे नाव आहे. सशर्त रंगयोजना, असे तिचे मराठीत वर्णन करता येईल.

सोय फार जुनी नाही. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेली व्हिसिकॅल्क ही संगणकावरील तक्त्याची आज्ञावली १९७९ साली बाजारात आली. एक्सेल प्रथम १९८५ साली निघाले. अटीनुसार चौकट रंगविण्याची व्यवस्था त्यात १९९७ च्या आवृत्तीपासून आली आणि त्या वेळी एका चौकटीवर तीनच अटी घालता येत. २००७ च्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली. लिब्रेऑफिस कॅल्क या विनामूल्य आज्ञावलीतही हीच सोय आहे. इतिहास येथेच पुरे. आजचा विषय आहे तो या रंगावर किती विसंबावे हा, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून अंगणवाडीतील मुलांच्या दंडघेराची नोंद घेणे सर्वांत सोयीचे ठरेल.

सहा महिने ते एकोणसाठ महिने वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर मोजून ते मूल तीव्र कुपोषणाच्या छायेत आहे की काय, हे पाहण्याची रीत सेविकांना ठाऊक आहे. खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करावयाची, हात सैल सोडावयास लावावयाचा आणि मग पट्टी दंडाभोवती गुंडाळावयाची. पट्टी इतकी आवळावयाची नाही की कातडी दबेल, इतकी ढिलीही ठेवावयाची नाही की मध्ये फट राहील. घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर पट्टीचा लाल भाग दिसतो आणि मूल तीव्र कुपोषित, म्हणजे व्यवहारातील भाषेत सॅम, समजले जाते. ११.५ पासून १२.५ च्या आतपर्यंत पिवळा भाग येतो, त्याला मॅम म्हणतात. १२.५ व त्यापुढे हिरवा. सॅम गटातील मुलास मृत्यूचा धोका सुदृढ मुलाहून अनेक पटींनी अधिक असतो. म्हणून लाल भागाचे महत्त्व केवळ कागदोपत्री नाही.

वास्तविक ही पट्टी म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधीची सशर्त रंगयोजनाच होय. बगदादचे अदनान शाकिर आणि नायजेरियातील इमेसी गावी काम केलेले ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मोर्ली यांनी १९७४ साली तिरंगी पट्टीची कल्पना वैद्यकीय जगापुढे मांडली. अंक वाचता न येणाऱ्या कार्यकर्त्यालाही रंग वाचता येतो, हे तिचे मर्म. मात्र त्या पट्टीवरील सीमा आजच्या नव्हत्या. तेथे १२.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ ते १३.५ पिवळा आणि त्यापुढे हिरवा असे. पुढे तीव्र कुपोषणासाठी ११ सेंटिमीटर ही सीमा रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून ती ११.५ वर आणली. त्यामागे २००६ साली प्रसिद्ध झालेली बालवाढीची नवी मानके होती. भारतासह सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून ती सिद्ध झाली होती.

१२.८ सेंटिमीटर दंडघेराचे एक मूल डोळ्यांपुढे आणावे. शाकिर यांच्या पट्टीवर ते पिवळे ठरले असते, आजच्या पट्टीवर ते हिरवे आहे. ११.२ सेंटिमीटरचे दुसरे मूल २००९ पूर्वीच्या सीमेने तीव्र कुपोषितांच्या यादीबाहेर राहिले असते, आज ते यादीत शिरते. मुलाच्या दंडात एका मिलिमीटरचाही फरक पडलेला नाही. रंग बदलला तो माणसांनी विचारपूर्वक सीमा बदलली म्हणून. संगणकावरील रंगाकडे पाहतानाही हेच ध्यानी धरावयास हवे. यंत्र मूल पाहत नाही. कोणीतरी लिहिलेली अट आणि कोणीतरी टंकित केलेला आकडा यांची ते तुलना करते, आणि अट चुकली वा आकडा चुकला तरी तितक्याच आत्मविश्वासाने रंग भरते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एखाद्या वाड्यावरील अंगणवाडीत चाळीस मुले आहेत, असे धरून चालू. तक्त्याच्या पहिल्या ओळीत शीर्षके आहेत, ए या रकान्यात अनुक्रमांक, बी मध्ये मुलाचे नाव आणि सी मध्ये दंडघेर सेंटिमीटरमध्ये. दुसऱ्या ओळीपासून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत मुलांच्या नोंदी आहेत. सी रकान्यातील या चाळीस चौकटी निवडाव्यात, होम या पट्टीवरील कंडिशनल फॉरमॅटिंगवर टिचकी मारावी, हायलाइट सेल्स रूल्स हा पर्याय घ्यावा आणि त्यातील लेस दॅन निवडून ११.५ हा आकडा व लाल रंग द्यावा. पिवळ्यासाठी दुसरा नियम, हिरव्यासाठी तिसरा. एवढे झाले की काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. अडचणी येथून पुढे सुरू होतात, आणि त्या जरा विस्ताराने सांगावयास हव्यात.

पहिली अडचण नियमांच्या क्रमाची. लाल नियम आधी लिहिला आणि नंतर ‘१२.५ हून कमी ते पिवळे’ असा नियम लिहिला, असे समजा. एक्सेल नवा नियम यादीत सर्वांत वर ठेवते आणि दोन नियमांचे रंग आपसांत भिडले तर वरच्याचे चालते. ११.२ हा आकडा ११.५ हून कमी आहे, तसा तो १२.५ हूनही कमी आहेच. परिणामी जे मूल लाल दिसावयास हवे ते पिवळे दिसते. तक्ता सुरेख रंगलेला असतो, पिवळ्या चौकटी बऱ्याच असतात, लाल एकही नसते, आणि वरिष्ठ कार्यालयात समाधान पसरते. यावर उपाय असा की, मॅनेज रूल्समध्ये जाऊन लाल नियम बाणाच्या खुणेने सर्वांत वर न्यावा. किंवा पिवळ्यासाठी बिट्वीन हा पर्याय घ्यावा. मात्र बिट्वीनमध्ये दोन्ही टोके धरली जातात, म्हणून ११.५ ते १२.५ असे लिहिल्यास नेमक्या १२.५ च्या मुलाच्या चौकटीवर हिरव्याबरोबर पिवळ्याचाही हक्क येतो. मोजमाप एका मिलिमीटरपर्यंत घेतले जात असल्याने ११.५ ते १२.४ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण एककाची. काही पट्ट्यांवर सेंटिमीटर छापलेले असतात, काहींवर मिलिमीटर. धावपळीत एखाद्या सेविकेने ११.२ ऐवजी ११२ लिहिले तर मोजमाप चुकलेले नाही, केवळ एकक निराळे आहे. परंतु तक्त्याच्या दृष्टीने ११२ हा ११.५ हून कितीतरी मोठा आकडा आहे. तक्ता त्या मुलाला हिरवा रंग देईल. चाळीस मुलांत जे सर्वांत खंगलेले, तेच तक्त्यात सर्वांत सुदृढ ठरेल. अशा नोंदी दारातच अडविण्यासाठी डेटा व्हॅलिडेशन ही वेगळी सोय आहे. त्या रकान्यात ६ ते २५ यांच्या दरम्यानचीच संख्या स्वीकारावी असे सांगून ठेवले की ११२ टंकित होताच संगणक हरकत घेतो. रंग ठरविण्याआधी हा पहारा बसवावा. मात्र बाहेरून आणून चिकटविलेल्या आकड्यांना हा पहारा अडवीत नाही, हेही लक्षात असावे.

तिसरी अडचण अधिक फसवी आहे. नोंद स्पष्ट व्हावी म्हणून कोणी चौकटीत ‘११.२ सेंमी’ असे लिहितो. कागदावरील नोंदवहीत हे योग्यच, किंबहुना आवश्यक. संगणक मात्र त्या चौकटीला संख्या न मानता मजकूर मानतो, आणि त्याच्या तुलनेच्या नियमांत मजकूर हा कोणत्याही संख्येहून मोठा धरला जातो. म्हणजे पुन्हा लाल रंग नाही. एखादी चौकट संख्या आहे की मजकूर, हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, मुद्दाम काही फेरफार केलेला नसेल तर संख्या चौकटीच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या कडेला. दंडघेराच्या रकान्यावरून एकदा नजर फिरवून डाव्या कडेला काय काय आहे ते पाहावे. आकडे देवनागरी अंकांत टंकित केले असतील तर ही तपासणी अवश्य करावी. एकक लिहावयाचे ते शीर्षकात लिहावे, प्रत्येक चौकटीत नव्हे.

चौथी अडचण मोकळ्या चौकटीची. मोजमापाच्या दिवशी जे मूल आले नाही त्याची चौकट रिकामी राहते. नियम सूत्राच्या रूपाने लिहिला असेल, म्हणजे ‘सी-२ हून ११.५ मोठे असेल तर लाल कर’ अशा धर्तीचा असेल, तर संगणक रिकामी चौकट शून्य समजतो. शून्य ११.५ हून कमी, म्हणून ती लाल होते. वरवर पाहता या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही, कारण धोक्याची सूचना थोडी अधिक मिळाली इतकेच. पण व्यवहारात काय घडते? चाळीसपैकी नऊ चौकटी लाल दिसतात, त्यांतील आठ गैरहजर मुलांच्या असतात. मुख्यसेविका दोन महिने चौकशी करते, तिसऱ्या महिन्यापासून तिला त्या लाल रंगाची सवय होते, आणि नववी चौकट, जी खरोखर आजारी मुलाची आहे, ती आठांच्या गर्दीत हरवते.

रिकाम्या चौकटीला म्हणून स्वतःचा वेगळा रंग द्यावा. राखाडी चांगला. त्यासाठीचा नियम सर्वांत वर ठेवावा आणि त्यापुढील ‘स्टॉप इफ ट्रू’ या चौकोनात खूण करावी, म्हणजे यंत्र त्या चौकटीपाशी थांबेल, खालचे नियम लावणार नाही. राखाडीचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नव्हे. ‘अद्याप पाहिलेले नाही’ असा आहे. मोजमापाला न आलेले मूल कोठे आहे, ते तापाने घरी पडले आहे की आईबापांबरोबर कामासाठी दुसऱ्या गावी गेले आहे, याचा शोध लागेपर्यंत ती चौकट राखाडीच राहावी. गैरहजर मुलांची चौकशी हजर मुलांच्या मोजमापाइतकीच निकडीची असते, हे अनुभवी सेविकेला निराळे सांगावे लागत नाही.

पाचवी अडचण ओळ सरकण्याची, आणि हिच्याइतकी लज्जास्पद चूक दुसरी नाही. केवळ आकड्याची चौकट न रंगविता मुलाच्या नावासकट सबंध ओळ रंगवावी, असे अनेकांना वाटते. ते योग्यही आहे. त्यासाठी सूत्र वापरावे लागते आणि सूत्रात रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह घालावे लागते, म्हणजे संगणक प्रत्येक वेळी सी रकान्यातच पाहतो. येथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. पण निवड दुसऱ्या ओळीपासून केली असताना सूत्रात पहिल्या ओळीचा उल्लेख राहून गेला, तर संगणक प्रत्येक ओळीसाठी तिच्या वरची ओळ तपासतो. परिणाम असा की कुपोषित मुलाऐवजी त्याच्या खालचे नाव लाल होते. तक्त्यात लाल ओळींची संख्या बहुधा बरोबरच असते, म्हणून बेरीज जुळते आणि चूक सापडत नाही. सेविका भलत्याच घरी जाते, तेथे धडधाकट मूल अंगणात खेळताना पाहते, आणि संगणकावरचा तिचा विश्वास कायमचा उडतो. तो उडाला तर दोष तिचा नव्हे.

ही चूक पकडण्यास एकच उपाय आहे. तक्ता तयार झाल्यावर खऱ्या नोंदी भरण्यापूर्वी त्यात मुद्दाम काही बनावट आकडे घालून पाहावे. ११.४, ११.५, १२.४, १२.५, ११२, ‘११.२ सेंमी’ आणि एक रिकामी चौकट, इतके सात पुरेत. कोणत्या ओळीला कोणता रंग यावयास हवा हे आधी कागदावर लिहून ठेवावे, मग पडद्याकडे पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. तराजू वापरण्यापूर्वी काटा शून्यावर आहे की नाही हे आपण पाहतोच.

सीमांच्या बदलाचा उल्लेख वर आला. २००९ साली झाला तसा बदल पुढेही होऊ शकतो. म्हणून ११.५ व १२.५ हे आकडे नियमांच्या पोटात दडवून ठेवू नयेत. तक्त्याच्या एका बाजूला, सर्वांना दिसेल अशा दोन चौकटींत ते लिहावे, त्यांवर ‘सॅम सीमा’ व ‘मॅम सीमा’ अशी शीर्षके द्यावीत आणि नियमांत त्या चौकटींचा हवाला द्यावा. येथे अक्षर व अंक या दोहोंच्या आधी डॉलरचे चिन्ह हवे, नाहीतर सीमेची चौकटही ओळीगणिक सरकत जाईल. या व्यवस्थेत दुहेरी लाभ आहे. सीमा बदलली तर एकच आकडा बदलून भागते. आणि तक्ता पाहणाऱ्या पंचायत सदस्यालाही कळते की लाल म्हणजे नेमके किती. सीमा न सांगता दाखविलेला लाल रंग म्हणजे आरोपपत्र न देता सुनावलेली शिक्षा होय.

इतकी सगळी काळजी घेतल्यानंतरही रंगाला न दिसणारे काही उरतेच. दोन्ही पायांवर सूज असलेल्या मुलाचा दंडघेर कितीही असला तरी ते तीव्र कुपोषित समजावयाचे असते. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने तीन सेकंद दाबले आणि खळगा राहिला तर ती सूज. या मुलाचा दंडघेर १३ असेल आणि तक्ता त्याला हिरवा रंग देत असेल. सुजेसाठी वेगळा रकाना ठेवून त्यात ‘होय’ असे आल्यास सबंध ओळ लाल व्हावी, असा नियम सर्वांत वर लिहिणे सहज शक्य आहे. मात्र तो रकाना कोणीतरी प्रत्यक्ष पायाला हात लावून भरावा लागतो.

तसेच अंगणवाडीतील वाढीचा आलेख वयानुसार वजनाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांवर आधारलेले हे आलेख एकात्मिक बालविकास सेवा योजनेने २००८ पासून स्वीकारले आणि त्यांवर हिरवा, पिवळा व नारिंगी असे पट्टे आहेत. दंडघेराचा पिवळा आणि या आलेखाचा पिवळा हे एक नव्हेत. उंचीने खुंटलेले मूल वयाच्या मानाने वजनात कमी, म्हणून आलेखावर पिवळ्यात, आणि दंडघेराने हिरव्यात, असे सर्रास आढळते. दोन्ही मोजमापे एका तक्त्यात घ्यावयाची असल्यास रंग एकच वापरू नयेत, नाहीतर मासिक बैठकीत दोन पिवळ्यांची बेरीज होते आणि तिला काहीच अर्थ उरत नाही.

शिक्षक बंधूंसाठी थोडे. हजेरीपटात ठरावीक टक्केवारीच्या खाली गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव रंगविण्यास हीच रीत चालते. त्यात टॉप-बॉटम रूल्स नावाचा एक मोहक पर्याय आहे, जो सर्वांत खालचे दहा आकडे किंवा खालचे दहा टक्के रंगवून देतो. तो जपून वापरावा. वर्गातील सर्व मुले उत्तम असली तरी हा पर्याय कोणाला ना कोणाला खाली काढतोच, आणि सर्व मुले मागे असली तरी मोजकीच रंगवितो. कुपोषणाच्या तक्त्यात तर त्याला थाराच नसावा.

सचिव मंडळींच्या कामात लाभार्थींच्या यादीतील दुबार नावे शोधण्यासाठी डुप्लिकेट व्हॅल्यूज हा नियम फार वापरला जातो. एक सावधगिरी बाळगावी. एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते. सोळा अंकी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून टंकित केला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि शेवटच्या अंकाने भिन्न असणारी दोन खाती एकच दिसू लागतात. एखाद्या विधवेचे मासिक अर्थसाहाय्य ‘दुबार नोंद’ या शेऱ्याखाली अडकावयास एवढे कारण पुरते. क्रमांक टंकित करण्यापूर्वी तो रकाना मजकूर स्वरूपाचा करून ठेवावा. आणि दुबार दिसलेल्या नोंदी मूळ पासबुकाशी ताडून पाहिल्याखेरीज कोणाचेही नाव वगळू नये.

पडद्यावरचा रंग कागदावर टिकत नाही, ही बाब बहुतेक प्रशिक्षणांत सांगितली जात नाही. पंचायतीतील छपाईयंत्र बहुधा काळ्या शाईचेच असते आणि पुढे त्या कागदाच्या झेरॉक्स निघतात. लाल व हिरवा हे दोन्ही मग जवळजवळ एकाच छटेचे राखाडी होतात. शिवाय काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातील भेद जन्मतःच नीट कळत नाही, आणि अशी व्यक्ती ते बैठकीत बोलून दाखवीलच असे नाही. म्हणून रंगाच्या शेजारी शब्द हवा. डी रकान्यात इफ हे सूत्र वापरून ‘सॅम’, ‘मॅम’, ‘ठीक’, ‘मोजले नाही’ असे शब्द आपोआप उमटविता येतात. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही ते वाचता येतात. महिन्याच्या अहवालात किती मुले लाल, हे मोजण्यासही या शब्दांचाच उपयोग होतो, कारण चौकटीचा रंग मोजणारे तयार सूत्र एक्सेलमध्ये नाही. आकडे किंवा शब्द काउंटइफने मोजता येतात.

एक सवय मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे घाईत रंगाच्या डब्यातून हाताने लाल रंग भरण्याची. हाताने भरलेला रंग आकड्याशी बांधलेला नसतो. मूल सुधारले, पुढच्या महिन्यात दंडघेर १२.७ झाला, तरी ते लालच राहते. उलट, हिरवे भरून ठेवलेले मूल आजारी पडून ११.३ वर आले तरी तक्ता मुकाट्याने हिरवाच. जुन्या तक्त्यातून नव्यात नोंदी आणतानाही केवळ मूल्ये चिकटवावीत, नाहीतर जुने नियम नव्यांच्या बरोबर येऊन मिसळतात आणि काही महिन्यांनी मॅनेज रूल्स उघडले तर एकाच रकान्यासाठी वीस-पंचवीस तुकडे झालेले नियम दिसतात. त्या वेळी दुरुस्त करीत बसण्यापेक्षा सर्व पुसून नव्याने चार नियम लिहिणे सोपे.

आता तक्त्यातील शेवटच्या दोन रकान्यांविषयी. बहुतेक तक्ते दंडघेर व वर्गवारी यांपाशी थांबतात. त्यांपुढे ‘मोजमाप दिनांक’ आणि ‘गृहभेट दिनांक’ असे दोन रकाने घ्यावेत. गृहभेटीच्या रकान्यासाठी असा नियम लिहावा की, वर्गवारीत ‘सॅम’ आहे, गृहभेटीची चौकट रिकामी आहे आणि मोजमापाला सात दिवसांहून अधिक काळ लोटला आहे, तर ही चौकट गडद लाल व्हावी. आजचा दिनांक संगणक स्वतःच धरतो, त्यासाठी टुडे हे सूत्र आहे. दिवसांची संख्या कार्यालयाने आपल्या सूचनांप्रमाणे ठरवावी आणि तीही इतर सीमांप्रमाणे वेगळ्या चौकटीत लिहून ठेवावी. गुंतागुंत असलेले मूल, म्हणजे ज्याला खाववत नाही, ज्याला ताप आहे वा जे मलूल पडले आहे ते, सात दिवस थांबू शकत नाही. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. त्याची वाट तक्त्यातून जात नाही.

या नियमाचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधीच्या रकान्यांतील लाल रंग मुलाविषयी काही सांगतो. या शेवटच्या रकान्यातील लाल रंग कार्यालयाविषयी सांगतो. काही अधिकाऱ्यांना तो रुचणार नाही, आणि तक्ता वर पाठविण्यापूर्वी हा रकाना लपवून ठेवावा असा मोहही होईल. स्प्रेडशीटमध्ये रकाना लपविणे दोन टिचक्यांचे काम आहे. म्हणून मासिक बैठकीत तक्ता पडद्यावर उघडला की प्रथम रकान्यांची अक्षरे क्रमाने वाचून पाहावीत. ई नंतर एकदम जी आले, तर एफमध्ये काय होते ते तेथेच, सर्वांसमक्ष विचारावे.